भरतीच्या टेबलापुढे

साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांची आठवण म्हणून तेथे स्तंभ उभा राहिला. अशा गावांविषयी गौरवाची भाषणे आपण खूप ऐकली आहेत. मी आज त्यात भर घालणार नाही. या सेहेचाळीस जणांपैकी प्रत्येक जण एके दिवशी कोणत्या तरी भरतीच्या टेबलापुढे उभा राहिला असेल. टेबलापलीकडे एक साहेब, अलीकडे अंगावर सदरा आणि मनात धाकधूक घेतलेला एक पोरगा. त्या दोघांमध्ये काय बोलणे होते, आणि काय व्हायला हवे, एवढाच आजचा विषय आहे.

आमच्या भागात भरती ही काही नवी गोष्ट नाही. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. परंतु भरतीच्या बाबतीत कृष्णाकाठ आणि माणदेश हा मुलूख एकच राहिला. त्यातही माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांतून पोरांचा ओढा जास्त. कारण उघड आहे. जिथे विहिरीला पाणी नाही तिथे पगाराची नोकरी हेच पीक. खानापूर-आटपाडीकडचे लोक गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पसरले ते याच कारणाने; एक भाऊ सोने गाळायला परमुलखात गेला, दुसरा पलटणीत गेला, आणि दोघांच्या मनिऑर्डरीवर घर उभे राहिले.

इंग्रजी अमदानीत भरती अधिकारी हे प्रकरण मोठे होते. कोणत्या तालुक्यातून कोणत्या जातीचे जवान घ्यावेत, याची हस्तपुस्तके सरकार छापून देत असे. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरचे असले पुस्तक बेथम यांनी तयार केले व ते १९०८ साली निघाले. म्हणजे पोरगा टेबलापुढे येण्याआधीच त्याच्याविषयीचे मत छापून तयार! पुढे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याला शरण जावे लागले. गावाकडून निघताना त्या जवानांपैकी किती जणांना मेसोपोटेमिया कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक असेल?

आणि ज्यांचे नाव त्या छापील मतात बसत नव्हते त्यांचे काय? याचे उत्तरही साताऱ्यातच सापडते. सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातून निवृत्त होऊन पुढे साताऱ्यास राहिले. त्यांचा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी येथील सरकारी शाळेत दाखल झाला. तेच आपले डॉक्टर आंबेडकर. आता गंमत पहा. बाप सैन्यात सुभेदार, सैनिकी शाळेत शिकवलेले. पण त्याच सुमारास महारांची भरती सरकारने बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला, तो वाया गेला. १९१७ मध्ये लढाईत माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. १९४१ साली बेळगावी महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे हा दरवाजा कायमचा उघडला. टेबलापलीकडचा माणूस ‘नाही’ म्हणाला म्हणजे आपल्यात उणे आहे असे होत नाही. कधी कधी उणे टेबलापलीकडच्या कागदात असते. हे लक्षात ठेवून त्या टेबलापुढे उभे राहावे, म्हणजे मान ताठ राहते.

आता आजची गोष्ट. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांची भरती कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे आहे. पूर्वी पोरे आधी मैदानात पळत आणि लेखी परीक्षा मागून होई. २०२३ सालापासून हा क्रम उलटला: आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान, मग वैद्यकीय तपासणी. मैदानात १.६ किलोमीटर धावणे, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण गुण. त्यानंतर बारवर दहा पुलअप, नऊ फुटांची चर आणि वाकड्यातिकड्या फळीवरचा तोल. आमची पोरे पहाटे कालव्याच्या कडेने धावतात, त्यांना मैदानाची भीती नाही. त्यांचे अडते ते पुस्तकात आणि कागदात.

कागदाचे म्हणाल तर शाळेच्या दाखल्यावर ‘पांडुरंग’, आधार कार्डावर ‘पांडूरंग’, आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर बापाच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच! टेबलावरचा कारकून हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि पोरगा घामाघूम होतो. यात कारकुनाचा राग धरून उपयोग नाही. अधिवास दाखला, जातीचा दाखला, सरपंचाचे चारित्र्य प्रमाणपत्र, हे सगळे अर्ज भरण्याच्या आधी जुळवून घ्यावे. तहसील कचेरीत एका अक्षरासाठी महिना जातो, आणि मैदानाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

भरती अधिकाऱ्याशी बोलावे कसे, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्यांच्या मनात साहेबाचे भय असते. साहेब विचारतो, “क्या बनना है?” आणि पोरगा म्हणतो, “कायबी चालंल, साहेब.” हे उत्तर नम्रपणाचे वाटते, पण ते चांगले नव्हे. सैन्यात सगळेच बंदूक घेऊन पायदळात जात नाहीत. जनरल ड्यूटी वेगळी, टेक्निकल वेगळे, कारकून व भांडारपाल वेगळे, ट्रेड्समन वेगळा, आणि प्रत्येकाला शिक्षणाची अट निराळी. दहावीला बरे गुण असलेल्या पोराने आठवी पासच्या जागेसाठी अर्ज करावा, हे निव्वळ न विचारल्याचे फळ. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव आपणांस माहीत आहे. सैन्याच्या यंत्रशाखेत, म्हणजे इलेक्ट्रिकल व मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये ते होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. शाखा कोणतीही असो, शौर्याला जागा आहेच. पण शाखा आपल्या शिक्षणाला साजेशी असावी.

मुलींनीही विचारावे. लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून मुलींची भरती २०१९ मध्ये सुरू झाली, आणि त्यांची पहिली तुकडी २०२१ साली प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये अधिकारी म्हणून सैन्यात दाखल झाल्या.

साहेब खरे तेच सांगेल, पण आपण विचारले तेवढेच सांगेल. तो वाईट म्हणून नव्हे. त्याच्यापुढे रांग लागलेली असते आणि त्याला जागा भरायच्या असतात. म्हणून हिशेब आपला आपण करावा. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा नोकरी चार वर्षांची ठरली. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापायचे. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,०००. तेवढीच भर सरकारची, आणि चार वर्षांअखेर सुमारे १० लाख ४ हजार रुपये व त्यावरचे व्याज. निवृत्तिवेतन नाही. चारांपैकी फार तर एकाला पुढे कायम करायचे, असे त्या वेळी ठरले होते. मग टेबलापुढे विचारा: “साहेब, या वर्षीच्या जाहिरातीत किती जणांना कायम करण्याचा नियम आहे? पोलीस भरतीत मागून काही राखीव जागा आहेत का?” आजोबांच्या काळची पलटण म्हणजे पंधरा-सतरा वर्षे आणि मग पेन्शन. आजोबा चावडीवर बसून जे सांगतात ते त्यांच्या भरतीचे सांगतात, तुमच्या नव्हे. कर्ज काढून बहिणीचे लग्न ठरवायचे असेल, तर ते या चार वर्षांच्या हिशेबावर ठरवावे.

आता जरा कटू बोलतो. टेबलाच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर एक दुसरा साहेब बसलेला असतो. पांढरे बूट, बारीक कापलेले केस, “आपली वरपर्यंत ओळख आहे” असे बोलणे. त्याची युक्ती साधी आहे. दहा पोरांकडून पैसे घ्यायचे आणि शाळेचे मूळ दाखले ताब्यात ठेवायचे. दहांतली तीन पोरे आपल्या पायांच्या जोरावर पास होतात. त्यांचे पैसे तो ठेवतो, आणि उरलेल्या सातांना परत देऊन वर म्हणतो, “बघा, आपला व्यवहार चोख!” त्याने केलेले काहीच नसते. हे तीन घरचे लोक मात्र पुढच्या वर्षी गावभर त्याचीच वाहवा करतात. याहून वाईटही घडते. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी व्हायची सैन्य भरतीची लेखी परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे देशभर रद्द झाली, आणि त्या प्रकरणात पुण्यात माणसे पकडली गेली. ज्यांनी प्रश्नपत्रिकेची तोंडसुद्धा पाहिली नव्हती, अशा पोरांची मेहनत त्यात अडकली. वय थांबत नसते. भरतीच्या कचेरीत जागेसाठी पैसे द्यावे लागत नाहीत, आणि मूळ दाखला परत न देणारा माणूस पोलिसांच्या कामाचा आहे. बैलाची जोडी विकून या टपरीवाल्याचे घर भरू नका.

वैद्यकीय तपासणीत पुष्कळ जण खचतात. डॉक्टर कानातला मळ, दात, गुडघे, तळपाय सगळे पाहतो. “अनफिट” हा शब्द ऐकला की पोरगा स्टँडवर येऊन रडत बसतो. त्याने आधी विचारायला हवे: हे कायमचे की तात्पुरते? तात्पुरत्या दोषाकरिता ठरलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयात फेरतपासणी होते. ती चिठ्ठी खिशात घालून घरी परतू नये. कोठे जायचे आणि किती दिवसांत, हे तेथल्या तेथे लिहून घ्यावे. आणि पूर्वी हात मोडला होता, फिट आली होती, ते लपवू नये. प्रशिक्षणात ते उघड होतेच, आणि मग परत यावे लागते.

एक शेवटची गोष्ट आयांसाठी. निवड झाली की पोराला एक कागद भरायचा असतो. त्यात वारसाचे नाव. अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो आणि त्या रकान्यातल्या नावावर तो जातो. पोरगा घाईत ‘आई’ एवढेच लिहितो, किंवा आईचे घरातले नाव. रेशन कार्डावर दुसरेच असते, बँकेच्या पासबुकात माहेरचे. तेव्हा पोरगा पेटी भरत असताना त्याच्या खिशात एका चिठ्ठीवर आपले पूर्ण नाव, पासबुकात आहे तसे, लिहून द्या. आणि त्याला सांगा, बेळगावला पोचलास की लिहिलेले एकदा वाचून पहा, आणि नाव चुकले असेल तर त्याच दिवशी हवालदाराला सांगून दुरुस्त करून घे.