दिवे उतरताना



मघाशी नाटिकेआधी सभागृहातले दिवे हळूहळू उतरले. आधी समोरच्या बाईंच्या साडीचा रंग दिसत होता, मग नुसता जरीचा काठ, मग काहीच नाही. आपण म्हटलं, अंधार झाला. इंग्रजीत तेवढ्यात दोन शब्द येऊन गेले. काठ दिसत होता तोवर 'डिम', तोही गेला तेव्हा 'डार्क'. डिममध्ये थोडा तरी उजेड उरलेला असतो.

सातवीत असताना मी वहीत लिहिलं होतं, 'माय शेड इज लाँग'. सरांनी लाल रेघ मारली नाही. मधल्या सुट्टीत मला मैदानात उभं केलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. "हिला डोकं आहे, हात आहेत, तू हललास की हलते. ही शॅडो." मग लिंबाखाली नेलं. मातीत तळवे गार पडले. "इथे ऊन पोचत नाही. ही शेड." मराठीत दोन्ही सावल्याच, म्हणून माझी चूक झाली होती. तो फरक मला आजही तळव्यांनी आठवतो.

पुढे आयुष्यभर भाषांतराचं काम केलं, आणि कोशात 'अंधार' किंवा 'अंधूक' एवढंच दिसलं की मी सरांसारखा बाहेर जाऊन बघू लागलो. पावसाळ्यात नदीवर लख्ख ऊन असलं, तरी गढूळ पाण्यात हातभर खालचं दिसत नाही. ते 'मर्की'. तिथे उजेड कमी नसतो, वाट अडलेली असते. 'ग्लूमी' खोलीत मात्र बघणाऱ्याचं मनही मिसळलेलं असतं. आपली 'कातरवेळ' मला त्याच्या जवळची वाटते, पण ती वेळ आहे आणि ग्लूमी भरदुपारीही असू शकतं.

'ट्वायलाइट' म्हणजे संधिप्रकाश. तो पहाटेही असतो. 'डस्क' फक्त संध्याकाळचा, रात्रीला टेकलेला. सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेला की खगोलशास्त्राच्या हिशोबाने पूर्ण रात्र होते. आपल्याकडे सूर्यास्तानंतर सव्वा ते दीड तासात तिथवर पोचतो. लंडनमध्ये जूनच्या मध्यरात्रीही सूर्य तेवढा खाली जात नाही, उत्तरेकडे उजेडाची पुसट कड राहतेच. तिथल्या माणसाची संध्याकाळ आपल्या तिन्हीसांजेपेक्षा किती लांब असेल, याचा विचार करा आणि मग तिथली पुस्तकं वाचा.

मुलांनो, शब्द अडला की अर्थ पाठ करू नका. आधी विचारा, उजेड किती उरलाय? तो कशाने अडलाय? बघणाऱ्याला काय वाटतंय? मला शिकवणाऱ्या सरांनी याहून जास्त काही सांगितलं नव्हतं.

आता बक्षीस समारंभ आहे, आणि त्यानंतर नववीच्या मुलींचं नृत्य. पुन्हा दिवे उतरतील. तेव्हा शेजारच्या मैत्रिणीच्या वेणीतल्या गजऱ्याकडे बघत राहा. तो कधी दिसेनासा होतो, तो क्षण पकडा.