बंगल्यातल्या दोन बायका

(नागपुरात महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप.)

शिबिराचा विषय ‘घरकाम आणि चळवळ’ असा आहे. त्यावर बोलायला मला बोलावले तेव्हा मी म्हटले, मी मिशनऱ्यांच्या घरांविषयी बोलेन. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. साहजिक आहे. आपल्याकडे ‘मिशनरी’ म्हटले की दोनच गोष्टी निघतात. एक, शाळा आणि दवाखाने, दुसरी, धर्मांतर. दोन्हींवर भरपूर बोलले गेले आहे. मी आज त्या घरात पुढच्या दाराने जाणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराने जाणार आहे, कारण माझी आजी त्याच दाराने आत जात असे.

माझी आजी एका मिशनच्या बंगल्यात आया होती. कोणत्या, ते महत्त्वाचे नाही. तिच्याकडून लहानपणी ऐकलेली एक गोष्ट मी विसरलेली नाही. मडमबाईची दोन मुले सहा-सात वर्षांची झाली आणि रिवाजाप्रमाणे त्यांना शिकायला विलायतेला पाठवले. आजीने त्यांचे कपडे पेटीत भरून दिले. त्याच दिवशी माझे वडील घरी तापाने फणफणले होते, पण तिला सुट्टी मिळाली नाही. आजी म्हणायची, “तिचे पोरं बोटीनं गेले, माझं पोर तापात होतं. रडलो आम्ही दोघीबी. पण वेगवेगळ्या खोलीत.”

मला वाटते, मिशनरी घराचा सगळा इतिहास या वाक्यात आहे. त्या घरात दोन बायका होत्या. दोघींच्या श्रमावर घर चालत होते. आणि दोघींचीही मोजदाद कुठे झाली नाही.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घेऊ. टेंपल रोडवरचे हिस्लॉप कॉलेज तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. ज्याच्या नावाने ते आहे तो स्टीफन हिस्लॉप हा फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ च्या फेब्रुवारीत तो इकडे आला. तेव्हा नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीला इंग्रजांची छावणी होती. पुढच्या वर्षी त्याने नागपुरात शाळा काढली. तो भूगर्भशास्त्राचाही अभ्यासक होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर तो या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा करीत हिंडला. गोंड समाजाविषयी त्याने टिपणे केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ फुगलेल्या प्रवाहात तो बुडाला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. १८८३ मध्ये कॉलेजला त्याचे नाव मिळाले. एका हिरवट खनिजालादेखील ‘हिस्लोपाइट’ असे नाव मिळाले.

आता सांगा, त्याच्या बायकोचे नाव काय? इथे हिस्लॉपमध्ये शिकलेल्या किती तरी जणी बसल्या आहेत. मला तरी कॉलेजात कुणी सांगितले नव्हते.

तिचे नाव एराझ्मा. माहेरची हल. १८४४ मध्ये लग्न झाले आणि त्याच वर्षी दोघे हिंदुस्थानात यायला निघाले. लग्न आणि समुद्रप्रवास एकाच वर्षी! आपल्याकडे लेक सासरी जाते तेव्हा निदान सणासुदीला माहेरी येण्याची आशा असते. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. त्यापूर्वी मुंबईहून इथवरचा रस्ता उन्हाधुळीचा, मुक्काम करीत काढायचा. माहेरच्या पत्राला उत्तर यायचे तर महिनोन्‌महिने जायचे. दगडाला नवऱ्याचे नाव मिळाले. तिचे नाव सापडते ते नवऱ्याच्या चरित्रातल्या एका ओळीत.

हा एकट्या हिस्लॉपचा दोष नाही. ती रीतच होती. तरुण मिशनऱ्याने लग्न करून जावे असे अनेक मिशन मंडळांना वाटे. कारण स्पष्ट होते. ख्रिस्ती कुटुंब कसे असते ते ‘देशी’ लोकांना दाखवायचे होते. म्हणजे प्रवचन पुरुषाने द्यायचे आणि त्या प्रवचनाचा नमुना बायकोने घरात रोज मांडून ठेवायचा. टेबलावरची स्वच्छ चादर, वेळेवर प्रार्थना, शिस्तीची मुले हा सगळा प्रचाराचाच भाग होता. घर हेच तिचे मिशनचे काम होते. पण ते घर होते, म्हणून काम नव्हते!

त्या काळच्या अशा घरांतली पत्रे आणि चरित्रे छापली गेली आहेत. त्यांतून दिसणारा दिवस साधारण असा. पहाटे उठून ऊन चढण्याआधी बाहेरची कामे. मुन्शी किंवा पंडिताकडे भाषेचा धडा. खानसाम्याकडून हिशेब. पाणी, दूध, धान्य यांच्यावर नजर. दारात आलेल्या आजाऱ्याला पेटीतले औषध. दुपारी व्हरांड्यात मुलींना वाचन आणि शिवण. गावात उतरायला हॉटेल नसल्यामुळे येणारा प्रत्येक गोरा प्रवासी हिच्याच घरी जेवणार. रात्री मायदेशातल्या देणगीदारांना पत्रे, कारण पैसा त्या पत्रांवर यायचा. या सगळ्याच्या मधे बाळंतपणे, पटकी आणि ताप. लहान मुलांच्या कबरी पाहायच्या असतील तर कोणत्याही जुन्या छावणीच्या स्मशानभूमीत जा आणि दगडांवरची वये वाचा.

पगार मात्र एकच, पुरुषाच्या नावाने. लग्न झालेल्याला थोडा अधिक. तो अधिक पैसा तिच्या खाण्यापिण्याचा, तिच्या कामाचा नव्हे. मुंबईत आणि नगरला काम करणारे अमेरिकन मराठी मिशन ज्या बोर्डाचे होते, तो बोर्ड सुरुवातीला बायकांची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशी करी. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली. पुढे नगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. आपल्या सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतले. तीही कागदावर ‘सहायक’च. मुंबईत मार्गारेट विल्सनबाईंनी १८२९ पासून मुलींच्या शाळा उभ्या केल्या आणि १८३५ मध्ये त्या गेल्या. त्यांचे चरित्र आहे, पण ते लिहिले नवऱ्याने, जॉन विल्सन यांनी.

नागपुरात चित्र बदललेले दिसते ते डॉ. अ‍ॅग्नेस हेंडरसन आल्यावर. सीताबर्डीजवळचे म्यूर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ मध्ये सुरू झाले ते त्यांच्या पुढाकाराने. पुरुष डॉक्टरपुढे न येणाऱ्या बायकांसाठी बाई डॉक्टर. त्यांना स्वतःचे नाव होते, पद होते, काम होते. कारण त्या कुणाची बायको म्हणून आल्या नव्हत्या. एकट्या बाईला नोंदवहीत जागा मिळाली. घर करणारीला नाही. आणि काही मिशन संस्थांत अशा बाईने ठरलेल्या मुदतीआधी लग्न केले तर प्रवासखर्च परत द्यावा लागे. घर की काम, निवड कर, हा प्रश्न आजही आपल्या ओळखीचा आहे.

आता दुसऱ्या बाईकडे येते. मडमबाईचे दुःख खरे होते, पण ते आयाच्या दुःखासारखे नव्हते. मडमबाईच्या मागे राज्यकर्त्यांचा दबदबा होता. तिला मराठी येत नसले तरी चालत होते. आयाला मात्र तिचे सगळे समजावे लागत होते. मडमबाई मुलींच्या शाळेत शिकवायला जाऊ शकली, कारण तिचे बाळ आयाच्या मांडीवर होते. आणि आयाचे बाळ? ते शेजारणीकडे, थोरल्या बहिणीकडे, नाहीतर अफूची गोळी देऊन निजवलेले. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्या शेजारणीचा आणि त्या थोरल्या बहिणीचा वाटा कुणी लिहायचा? ती थोरली बहीण स्वतः शाळेत गेलीच नाही.

एक बाई मात्र वेगळी निघाली. लक्ष्मीबाई टिळक. त्याही काही काळ नागपुरात राहिल्या होत्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंचा संसार मोडला. त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. परदेशी न जाताच त्यांच्या वाट्याला परका मुलूख आला. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे इथपासून सगळे नव्याने शिकावे लागले. नवरा मोठा कवी, मनाने उदार. घरातली वस्तू उचलून देऊन टाकणारा. मग चूल पेटवायची कशी, ही विवंचना हिची. फरक एवढाच की हे सगळे तिने स्वतः लिहिले, आणि हसत हसत लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. म्हणूनच मराठीत एका धर्मप्रचारकाच्या घरातली चूल आपल्याला आतून दिसते.

हे सगळे जुने झाले, असे म्हणू नका. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन मुले गाडीत जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्सना आपण ओळखले ते ‘स्टेन्सची विधवा’ म्हणून, ‘क्षमा करणारी आई’ म्हणून. त्या स्वतः परिचारिका होत्या आणि त्या घटनेनंतरही २००४ पर्यंत बारीपद्यात कुष्ठरुग्णांसाठी झटल्या, हे किती जणींना ठाऊक आहे? २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हासुद्धा बातम्यांत आधी नवऱ्याचा मृत्यू होता, मग त्यांचे काम.

मैत्रिणींनो, मिशनऱ्यांना नावे ठेवून मी घरी जाऊ शकले असते. पण ‘मिशन’ ही काय फक्त चर्चची गोष्ट आहे? आपल्या चळवळीतले पूर्णवेळ कार्यकर्ते आठवा. दादा गावोगाव फिरतात. वहिनी शाळेत नोकरी करतात आणि त्या पगारावर घर चालते. रात्री अकराला सहा कार्यकर्ते घेऊन दादा येतात, वहिनी पिठले टाकतात. दादांच्या गौरव समारंभात वहिनींना साडी मिळते आणि “यांच्या साथीशिवाय” असे एक वाक्य मिळते. हेच ते ‘सहायक मिशनरी’.

आणि आपण? आज आपण इथे सकाळी दहापासून बसलो आहोत. आपल्या घरी आत्ता भांडी कोण घासते आहे? सासूबाईंना औषध कोण देते आहे? माझ्या घरी एक बाई आहे. तिची मुलगी सुट्टी असली की तिच्याबरोबर कामाला येते. आजच्या भाषणाची तयारी करीत मी टेबलाशी बसले होते आणि ती पोर फरशी पुसत होती. आजीच्या गोष्टीतल्या दोन खोल्या माझ्याच घरात आहेत, हे मला त्या दिवशी दिसले. मी तिच्या आईशी बोलले. सुट्टीत मुलीला आणायचे नाही, पगार वाढवायचा, महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या द्यायच्या, असे ठरवले. यात मोठेपणा काही नाही. फार उशिरा सुचलेले शहाणपण आहे.

माझी सूचना छोटी आहे. आपल्या केंद्रात हजेरीचे रजिस्टर असते. त्यात आजपासून एक रकाना वाढवू या. आपण आपल्या नावापुढे सही करतो, तशी शेजारी तिचेही नाव लिहायचे, जिच्या कामामुळे आपल्याला इथे येता आले. आई, जाऊ, मुलगी, मोलकरीण, कुणीही. नाव पूर्ण लिहायचे, ‘बाई’ किंवा ‘मावशी’ नाही. आणि ते लिहिताना तिचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक नाही असे लक्षात आले, तर संध्याकाळी घरी जाऊन आधी ते विचारायचे.

माझ्या आजीचे नाव राहीबाई. बंगल्याच्या हिशेबवहीत ते नव्हते. तिथे तिच्यासाठी एकच शब्द होता, आया. आज पहिल्या पानावर मी राहीबाई हे नाव लिहिणार आहे.