कावीळ झाली म्हणून एआरटी सोडू नका

मागच्या महिन्यात एक ताई आल्या. डोळे हळदीसारखे पिवळे. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांची, बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ‘ह्या गोळ्यांनीच लिव्हर खाल्लं, डॉक्टर. वीस दिवस झाले, बंद केल्यात.’ कावीळ उतरवणाऱ्याकडेही जाऊन आल्या होत्या.

गोळ्यांवर संशय येणं चूक नाही. नेव्हिरापिनसारख्या एआरटीतल्या औषधानं, टीबीच्या औषधांनी यकृताला सूज येऊ शकते. हिपॅटायटिस बी आणि सी तपासावेच लागतात. पण आणखी एक कारण असतं आणि ते कुणाच्या मनातच येत नाही. आपली प्रतिकारशक्तीच आपल्या यकृतावर उठते. ऑटोइम्यून हिपॅटायटिस.

‘एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती जाते ना, मग उठणार कोण?’ ज्वारीचा राखणदार डोळ्यांपुढे आणा. तापानं अंथरुणाला खिळला, पाखरांनी कणसं लुटली. मग औषधपाणी मिळालं, अंगात जोर आला, गोफण घेऊन पुन्हा माळ्यावर चढला. पण नजर अजून बसलेली नाही. गोफणगुंडा घरच्याच बैलाला लागतो. एआरटीनं प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी वाढू लागल्यावर क्वचित कधी हेच होतं. म्हणून गोळ्या वाईट ठरत नाहीत, हे कृपा करून लक्षात घ्या.

ओळखायचं कसं? या आजारात रक्तातलं आयजीजी हे प्रथिन वाढतं, पण एचआयव्हीत ते तसंही वाढलेलं असतं, त्यामुळे नुसत्या रक्तावर भागत नाही. सुईनं यकृताचा बारीक तुकडा काढून पाहावा लागतो. ताई घाबरल्या, पण तयार झाल्या, आणि निदान हेच निघालं. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, पुढे अॅझाथायोप्रिन. म्हणजे राखणदाराचा हात धरायचा, त्याला माळ्यावरून ढकलायचं नाही. रिटोनावीर चालू असेल तर स्टेरॉइडचा अंमल वाढतो, डॉक्टरांना ते सांगाच.

आणि गुळवेलीचे काढे! 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत अशाच धर्तीची यकृताची सूज नोंदवली.

पुन्हा सांगतो, आपल्या मनानं एआरटी थांबवू नका. त्यातली टेनोफोविर आणि लॅमिवुडिन हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. अंगात बी असेल तर गोळ्या सुटल्यावर तो उसळतो. गोळी थांबवायची की बदलायची, ते डॉक्टरांना ठरवू द्या. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी एआरटी केंद्रात जा, आणि जाताना घरात असतील तेवढ्या सगळ्या औषधांच्या बाटल्या सोबत न्या. काढ्याचीसुद्धा.