थोरला संसार
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी पत्र्याचा खर्च उचलला, तर कोणी बैलगाडीने वाळू आणून टाकली. अशा शुभप्रसंगी आपल्या सातारा-सांगली भागातील एका कष्टाळू संसारी पुरुषाचे स्मरण करणे उचित होईल. तो पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत. कोल्हापुरास शिक्षण झाले, पण मॅट्रिकची पायरी काही चढता आली नाही. पुढे साताऱ्यास शिकवण्या धरल्या आणि लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. नंतर ओगल्यांच्या काच कारखान्याचे व किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवणे त्या काळी सोपे नव्हते. परंतु याच भटकंतीत त्यांना खेड्यातले अज्ञान दिसले. नांगर घेणाऱ्याला पावतीवर अंगठा उठवावा लागे, ही गोष्ट त्या भल्या माणसाच्या मनाला लागली असल्यास नवल नाही.

मिळकत बरी होती. घरी पत्नी लक्ष्मीबाई. चार पैसे गाठीला बांधून, जमीनजुमला वाढवून ते सुखाने राहू शकले असते व त्यांना कोणीही नाव ठेवले नसते. पण ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२१ साली नेर्ले येथे वसतिगृह निघाले आणि १९२४ साली साताऱ्यास. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी साताऱ्याच्या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले.

बोलणे सोपे आहे, पण त्या काळी हे घरात आणणे किती अवघड असेल याचा विचार माता-भगिनींनीच करावा. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढलेल्या. परक्या पोरांचा, त्यातही शिवाशीव न पाळणारा हा पसारा प्रथम त्यांना जड गेला. पुढे मात्र त्या पोरांच्या आईच झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून धान्यासाठी गेले. असे सांगतात की, एके दिवशी वसतिगृहात धान्य संपले, भाऊराव बाहेरगावी होते, तेव्हा या माउलीने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि मुले जेवली. १९३० साली त्या वारल्या. थोरली शाळा, कॉलेज, मानसन्मान यांपैकी काही पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

म्हणून भाऊरावांना कुटुंबवत्सल म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो वावगा नाही. घरच्या माणसांनी सोसले हे खरे आहे आणि ते झाकून ठेवू नये. परंतु त्यांनी संसार टाकला नव्हता. त्यांनी तो वाढवला, आणि त्या वाढीचा निम्मा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. कर्मवीरांच्या नावाशेजारी त्यांचे नाव घेतल्याशिवाय हे स्मरण पुरे होत नाही.

पत्नीमागे भाऊराव खचले नाहीत. फुकटचे शिक्षण मुलाला लाचार करते, हे जाणून त्यांनी मुलांच्या हाती खोरे-टिकाव दिले. कमवा आणि शिका, हा त्यांचा शिरस्ता. गावोगावच्या बायकांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढले, त्यावर वसतिगृहे चालली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज व १९५४ साली कराडास सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. त्यांच्या हाताखाली वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट्. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. मॅट्रिक न झालेल्या माणसाचा हा शेवट!

मंडळी, देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली आहेत, ती योग्यच आहेत. पण ज्या घरातून देणगी आली त्या घरच्या बाईने कुठे हात आखडता घेतला, पोराचे नवे कापड कसे पुढच्या सणावर ढकलले, हे कोणत्याही फरशीवर लिहिलेले नसते. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र कोणत्या पावतीवर चढले होते? तेव्हा देवापुढे हात जोडताना त्या न लिहिलेल्या नावांनाही हात जोडावेत.

आणि एक विनंती. देऊळ उभे राहिले, आता त्याच्या सावलीत गावातले एकही पोर पैशापायी शाळेतून उठणार नाही, एवढे पाहावे. घरटी मूठभर धान्याने जे साताऱ्यास झाले, ते आपल्या गावास जड नाही. देवही त्याने संतोषच पावेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.