विकृति



वस्तूवर ताण पडला म्हणजे तिच्या आकारांत फरक होतो. मूळ आकाराच्या मानानें तो फरक किती, हें सांगणाऱ्या राशीला पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत 'विकृति' म्हणतात. प्रथम वाचतांना मला हें नांव खटकलें. आम्हां शिक्षकांच्या तोंडीं हा शब्द केवळ निंदेचा! अक्षर वेडेंवांकडें असलें कीं विकृत, उच्चार निराळा असला कीं विकृत.

शास्त्रज्ञ मात्र तारेला दूषण देत नाहीं. एक मीटर लांबीची तार वजन टांगल्यावर एक मिलिमीटर वाढली, तर तिची विकृति १/१०००. दोन मीटरची तार तेवढीच वाढली, तर विकृति निम्मी. वाढ तीच, पण मूळ लांबी ठाऊक असल्यावांचून विकृति सांगतांच येत नाहीं. वजन दुप्पट केलें कीं वाढहि दुप्पट होते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं स्पष्ट करून सांगितला.

आयुर्वेदांत हा शब्द फार जुना आहे, आणि तेथेंहि तो एकटा येत नाहीं. प्रकृतीच्या जोडीनें येतो. वातप्रकृतीचा माणूस जन्माचाच कृश असेल, तर त्यांत वैद्याला कांहीं वावगें दिसत नाहीं. कफप्रकृतीचा धिप्पाड गृहस्थ तितका वाळला, तर ती विकृति. ओझें उचलतांना कमरेंत भरणारी उसण हा ताणाचा आणखी एक प्रकार. पण माझ्या वयाच्या श्रोत्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाहीं.

सर्वांत मौज संगीतांत आहे. कोमल रिषभ, गंधार, धैवत, निषाद आणि तीव्र मध्यम हे पांच 'विकृत' स्वर. ते वगळले तर भैरवी उरत नाहीं. मग मैफल संपवावी कशानें? पंडित भातखंडे यांनीं बिलावलाचें सप्तक शुद्ध मानलें, म्हणून गंधार उतरला कीं तो विकृत. पण अहोबलाच्या 'संगीतपारिजात' ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखें आहे. म्हणजे आपला कोमल गंधार तेथें शुद्धच! स्वर जागचा हालला नाहीं. मोजणारानें आरंभ बदलला.

वऱ्हाडांतून आलेला एक मुलगा माझ्या वर्गांत होता. "मी वाचून राह्यलो," असें तो म्हणे. मीं वर्गासमोर त्याची नक्कल केली, मुलें हंसलीं, आणि प्रगतिपुस्तकांत मीं 'भाषा विकृत' असा शेरा मारला. मूळ लांबी मीं माझ्या घरची धरली होती. त्याच्या घरीं सर्वजण तसेंच बोलत, हें त्याचे वडील भेटावयास आले तेव्हां त्यांच्या पहिल्याच वाक्यांत मला ऐकूं आलें. मीं शेरा खोडला. मुलाजवळ चूकहि कबूल केली.

हूकच्या नियमाला मर्यादा आहे. ताण फारच वाढला, तर वजन काढून घेतल्यावरहि तार पूर्वीच्या लांबीवर येत नाहीं. वर्ष संपेपर्यंत तो मुलगा माझ्या तासाला आपण होऊन एक शब्दहि बोलला नाहीं.