‘गुड-बाय’ आणि ‘येतों’



ज्युबिलीच्या निमित्तानें बाहेरगांवीं राहणारीं आपलीं पुष्कळ माणसें आज कारंज्यास आलीं आहेत. उद्यां-परवां तीं परत निघतील, आणि त्या वेळीं एक इंग्रजी शब्द घरोघर ऐकूं येईल. तो शब्द म्हणजे ‘गुड-बाय’. त्याविषयीं चार गोष्टी आपणांसमोर ठेवाव्या, एवढाच माझा हेतु आहे.

‘गुड’ म्हणजे चांगला, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. पण ‘बाय’ म्हणजे काय असें विचारलें, तर शिकलेला तरुणहि घोटाळतो. ह्याचें कारण असें कीं, मुळांत तें एक अख्खें वाक्य होतें : ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुमच्यासवें असो. हातोहात फिरून नाण्यावरील छाप झिजावा, तसें तें लोकांच्या तोंडीं झिजलें. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील लिखाणांत त्याचें ‘गॉडब्वाय’ असें आंखडलेलें रूप आढळतें. पुढें ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ ह्यांच्या संगतीनें ‘गॉड’चें ‘गुड’ झालें, आणि देवाचें नांव त्यांतून नाहींसें झालें. आतां तर बहुधा नुसतें ‘बाय’च उरलें आहे.

दुसऱ्या भाषांतहि असेच शब्द आहेत. फ्रेंचांचा ‘आद्यू’ आणि पोर्तुगीजांचा ‘अदेउश’ ह्या दोहोंचा अर्थ ‘देवाच्या स्वाधीन’ असा आहे. रूथच्या पुस्तकांतील बवाज कापणीच्या शेतावर येतो, तेव्हां कामकऱ्यांना प्रथम परमेश्वराची सोबत चिंतितो, आणि तेहि त्याला उलट आशीर्वाद देतात. मिस्साच्या वेळीं याजक आपणांस जें वारंवार चिंतितो, तेंच ‘गुड-बाय’च्या पोटीं दडलेलें आहे.

व्यवहारांत हा शब्द कसा वापरावा, हेंहि सांगतों. ‘गुड ईव्हनिंग’ भेटतांना म्हणावें, ‘गुड नाइट’ निरोप घेतांना. रात्रीं कोणाच्या घरांत पाऊल टाकतांना ‘गुड नाइट’ म्हटलें, तर आल्यापावलीं परत निघाल्यासारखें होईल. ‘गुड-बाय’ केवळ निरोपाचा. आणि विरह लांबणार असला, म्हणजे तो विशेष शोभतो. एखाद्या गोष्टीला ‘गुड-बाय करणें’ म्हणजे ती कायमची सोडणें. कोणी नोकरीला करितो, कोणी विडीला. लहान मुलांचा ‘टाटा’ हाहि इंग्रजांच्या बालभाषेंतलाच शब्द आहे. मुंबईच्या टाटा घराण्याशीं त्याचा संबंध नाहीं.

आपल्या मराठींत मात्र घरांतून निघणारा ‘जातों’ असें म्हणत नाहीं. चुकून कोणी म्हटलेंच, तर आजी लगेच त्याला टोकते, आणि ‘येतों म्हण’ असें सांगते. इंग्रजी शब्द जाणाऱ्याला देवाच्या हातीं सोंपवितो. मराठी शब्द परत येण्याचें वचन देतो.

ह्या वचनाचें मोल आपल्या गांवास चांगलें ठाऊक आहे. श्रीनृसिंहसरस्वतींची जन्मभूमि म्हणून कारंजें हिंदु बांधवांना पूज्य आहे. घर सोडून काशीस निघतांना त्यांनीं आईला तीस वर्षांनीं भेटण्याचें वचन दिलें आणि तें पाळलें, असें गुरुचरित्राची परंपरा सांगते. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीनें कारंज्याच्या कित्येक पिढ्या गांवाबाहेर पडल्या. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारी ती गाडी पुढें बंद पडली. गांव सोडणाऱ्यांची रांग मात्र बंद पडली नाहीं.

परंतु प्रत्येकासच परत येतां येत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. ‘गॉड बी विथ यी’चें ‘गुड-बाय’ होत होतें, त्याच काळांत, १५७९ सालीं, ते लिस्बनहून जहाजानें निघून गोव्यास पोहोंचले, आणि तेथून त्यांनीं आपल्या वडिलांस प्रवासाचें सविस्तर पत्र लिहिलें. मायदेशीं ते पुन्हां गेले नाहींत. आपल्या मराठी भाषेंत त्यांनीं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. १६१९ सालीं गोव्याच्या भूमींतच त्यांनीं देह ठेविला. अशा पुत्राच्या पित्याजवळ दुसरा कोणता आधार असणार? देव त्याच्यासवें असो, एवढेंच त्यानें म्हणावें.

म्हणून माझें सांगणें असें आहे कीं, ह्या दोन शब्दांची फारकत करूं नये. पुणें-मुंबईस अथवा परदेशीं जाणाऱ्या तरुणांनीं उंबरठ्यावर ‘येतों’ म्हणावें, आणि म्हटलें तर खरोखर यावें. येणें जमेना, तर स्टीफन्सांप्रमाणें सविस्तर पत्र तरी लिहावें. टेलिफोन ठेवतांना घाईनें फेंकलेल्या ‘बाय’नें म्हाताऱ्या आईबापांचें पोट भरत नाहीं. आणि मागें राहणाऱ्यांनीं ‘केव्हां येशील?’ असें दहा वेळां विचारून जाणाऱ्याचा जीव कोंडूं नये. त्याच्या डोक्यावर हात ठेवून देव तुझ्यासवें असो, एवढें म्हणावें. तें इंग्रजींत म्हणावयाचें असल्यास ‘गुड-बाय’ पुरें आहे. मात्र तें सबंध उच्चारावें, आणि त्यांत कोणाचें नांव झिजून गेलें आहे, हें मनांत असूं द्यावें.

 देव आपणां सर्वांसवें असो. येतों.