फीत कापल्यावर खरे काम सुरू होते
(नौदल दिनानिमित्त मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाने युद्धनौकेवर काय बोलावे, असे आपल्याला वाटेल. नेपानगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण आपली तापी समुद्रालाच मिळते, आणि मिळते ती सुरतेजवळ. माझा विषयही ‘सुरत’च आहे.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी, अशा तिघी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या.

सुरत हे नाव आपल्याला नवे नाही. बुऱ्हाणपूरचे कापड सुरत बंदरातूनच परदेशी जात असे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घातला. समुद्रावर स्वतःचे बळ हवे, हे त्यांनी ओळखले होते. पुढची गंमत अशी की १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणी कारागीर सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या हातून मुंबईची गोदी उभी राहिली. म्हणजे सुरतेच्या माणसाने घडवलेल्या गोदीतच ‘सुरत’ नौदलात दाखल झाली.

आता समारंभाविषयी. आपल्याकडे जलावतरण आणि नौदलात दाखल होणे यांत बरेचदा गल्लत होते. ‘सुरत’चे जलावतरण १७ मे २०२२ रोजी झाले. तेव्हा सांगाडा पाण्यात उतरला. त्यानंतर यंत्रे, शस्त्रे, तारा बसल्या, समुद्रात चाचण्या झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोदीने जहाज नौदलाच्या ताब्यात दिले. दाखल होण्याच्या दिवशी कप्तान अधिकारपत्र वाचून दाखवतो, राष्ट्रगीत होते, मागच्या बाजूला नौदलाचा ध्वज चढतो आणि डोलकाठीवर एक लांब, चिंचोळी पताका फडकते. ती पताका जहाज सेवेत असेपर्यंत राहते. निवृत्तीच्या दिवशीच ती उतरवतात.

आमच्या भाषेत सांगायचे तर कर्ज मंजूर होणे वेगळे, रक्कम हातात पडणे वेगळे आणि धंदा चालून हप्ते वेळेवर येणे वेगळे. फोटो मंजुरीचा निघतो, खाते मात्र हप्त्यांवर जगते. नौदलाला हे ठाऊक आहे. म्हणून त्यांच्याकडे समारंभ संपला की कामाचा पहिला दिवस सुरू होतो.

दुसरी गोष्ट श्रेयाची. ‘सुरत’च्या वर्गातील चार नौकांचा करार २०११ सालचा. ‘वाघशीर’च्या वर्गातील सहा पाणबुड्यांचा करार २००५ सालचा; त्यांतली पहिली ‘कलवरी’ २०१७ मध्ये आली आणि सहावी ‘वाघशीर’ २०२५ मध्ये. करार मनमोहन सिंग यांच्या सरकारने केले, पताका मोदी सरकारच्या काळात फडकली. नावे तर त्याहून जुनी. पहिली ‘निलगिरी’ याच माझगावात बांधून १९७२ मध्ये दाखल झाली आणि १९९६ मध्ये निवृत्त झाली. यांतले श्रेय कोणाचे? ज्याने सुरू केले त्याचे, ज्याने मध्येच बंद पाडले नाही त्याचे, आणि सगळ्यांत जास्त त्या वेल्डरचे, फिटरचे. आपल्या मंडळात सर्व पक्षांचे लोक आहेत. त्यांनी एवढे मान्य केले तरी आपल्या निम्म्या सभा शांततेत पार पडतील.

हे सारे मी का सांगतो आहे? कारण आपल्या गावाने असे दोन समारंभ पाहिले आहेत. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी नेपा मिल राष्ट्राला अर्पण केली. वृत्तपत्राचा कागद बनवणारा देशातला तो पहिला कारखाना. इथे आलेल्या कित्येक मराठी घरांची चूल त्यावर पेटली. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा समारंभपूर्वक सुरू झाले. मधली सहा वर्षे काय होती ते आम्ही काउंटरवर पाहिले. मुदत ठेवी मुदतीआधी मोडल्या जात होत्या. सोने तारण ठेवायला येणारी माणसे मान खाली घालून उभी राहत. मुले पुण्याला, इंदूरला गेली. घरे म्हाताऱ्यांवर राहिली.

दोन्ही समारंभांना आपण टाळ्या वाजवल्या आणि ते योग्यच होते. पण त्यानंतर हिशेब मागायला आपण विसरलो. म्हणून माझी सूचना अशी की मंडळाने पक्षभेद बाजूला ठेवून खासदार-आमदारांना दरवर्षी एक लेखी निवेदन द्यावे. त्यात चारच प्रश्न असावेत. वर्षात मिल किती दिवस चालली? किती टन कागद निघाला? किती स्थानिक मुलांना काम मिळाले? कामगारांची किती देणी बाकी आहेत? उत्तर आले तर या पत्रकात छापावे. आले नाही तर तेही छापावे.

युद्धनौकेच्या डोलकाठीवरची पताका कोणी उतरवली तर सगळ्या देशाला कळते. आपल्या गिरणीची उतरली तेव्हा गावाबाहेर फारशी कोणाला खबर नव्हती. पुन्हा तसे होऊ नये, यावर लक्ष ठेवणे आपल्या हातात आहे.

‘सुरत’वरच्या जवानांना आपल्या तापीकाठचा नमस्कार सांगतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय मध्य प्रदेश!